डब्यांचा रविवार

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत गणपती संपले, की दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत दर रविवारी मुलांच्या दप्तरांबरोबर एक खाकी कागदी पिशवीही यायची. पिशवीत राजमा, छोले, मका, टोमॅटो, कधी ट्यूना. दारातच दोन टेबलं मांडलेली असत. एकीकडे बाराखडीचा गलका, दुसरीकडे डबे ठेवल्याचा खणखणाट. डबाबंद अन्न गोळा करून गावातल्या फूड पँट्रीला, म्हणजे गरजू कुटुंबांना अन्न देणाऱ्या केंद्राला द्यायचं, हा अमेरिकेतल्या शाळांचा जुना रिवाज. मुलं तो इंग्रजी शाळेत शिकून आलेली असतात, आणि मराठी शाळेत त्याला दिवाळीची जोड मिळते.

मोहिमेच्या पहिल्या रविवारी वर्गावर्गांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाची गोष्ट सांगितली जायची: जात्यावर बसण्याआधी घरोघरच्या बायका मूठभर धान्य बाजूला काढत आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी जाई. पहिलीतल्या मुलांना जातं समजावण्यात निम्मा तास जायचा, पण गोष्ट समजायची.

खरं काम मात्र त्याच्याही आधी, एका फोनने सुरू होतं. फूड बँक आणि फूड पँट्री यांत नवे पालक हमखास गल्लत करतात. फूड बँक म्हणजे घाऊक गोदाम. पहिली फूड बँक जॉन व्हॅन हेंगल यांनी १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये सुरू केली. न्यू जर्सीत कॅथलीन डिकियारा यांनी १९७५ मध्ये आपल्या गाडीतून अन्न पोचवायला सुरुवात केली, आणि त्यातून हिलसाइडची कम्युनिटी फूड बँक उभी राहिली. पँट्री म्हणजे त्या गोदामातून माल आणून थेट कुटुंबांना देणारं छोटं केंद्र, बहुधा चर्चच्या तळघरातलं. शाळेचे पाचशे-सहाशे डबे पँट्रीच्या कामाचे. फोनवर चार प्रश्न विचारायचे: सध्या काय कमी आहे, काय उदंड झालंय, काच चालते का, आणि माल कोणत्या दिवशी, कोणत्या दाराने आणायचा. शेवटचा प्रश्न विसरणारे पुष्कळ असतात, आणि मग सहाशे पाउंड माल गाडीत घेऊन बंद दारासमोर उभे राहतात.

फोनवरच्या उत्तरांतून एक कागद तयार व्हायचा आणि रिकाम्या पिशवीला स्टेपल होऊन घरी जायचा. 'कोणतेही डबाबंद पदार्थ आणा' असं लिहिलं, की घरातलं कपाट साफ होऊन शाळेत येतं. म्हणून कागदावर नेमकी सहा-सात नावं असत, जसं: १५ औंसाचे राजमा, छोले किंवा काळे बीन्स, शक्यतो कमी मिठाचे; फळं पाकातली नव्हेत, रसातली; पाण्यातला ट्यूना; प्लॅस्टिकच्या बरणीतलं पीनट बटर; दोन पाउंडांपर्यंतचा तांदूळ किंवा पास्ता, कंपनीच्याच बंद पाकिटात. आणि एक ओळ ठळक अक्षरांत: ओढून उघडायचं झाकण असेल तर उत्तम. ज्याच्याकडे स्वयंपाकघरच नाही, मोटेलच्या खोलीत किंवा गाडीत दिवस काढतोय, त्याच्याकडे कॅन-ओपनर कुठून असणार?

घरचे लाडू-चिवडा, आईने भरलेली डाळीची झिपलॉक पिशवी, लोणच्याची काचेची बरणी, वीस पाउंडांचं आट्याचं पोतं हे सगळं 'चालणार नाही'च्या यादीत. डाळीच्या पिशवीवर आजीआजोबांची समजूत घालावी लागायची, कारण डाळ उत्तम असायची. पण ज्या पाकिटावर घटक आणि तारीख छापलेली नाही, ते पँट्री घेऊ शकत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या घरात काय जातंय, ते कुणी सांगायचं? काचेचं कारण साधं आहे. पास्ता सॉसची एक बरणी फुटली, की अख्खं खोकं टाकून द्यावं लागतं.

आमरसाचे ८५० ग्रॅमचे डबे दरवर्षी यायचेच. यादीत नसले तरी यायचे. ज्या गावात भारतीय ज्येष्ठ नागरिक पँट्रीत येतात तिथे ते आधी संपतात, बाकी ठिकाणी फळीवर बसून राहतात. त्यामुळे हेही फोनवर विचारलेलं बरं.

ट्यूना आणि चिकनचा प्रश्न नाजूक. पँट्रीला सगळ्यात जास्त गरज प्रथिनांची, आणि शाळेतली बरीच घरं शाकाहारी. 'आणायलाच हवं' अशी सक्ती कधी केली नाही. शाकाहारी घरांनी बीन्स आणि पीनट बटर आणायचं, ज्यांना चालतं त्यांनी ट्यूना. एवढी वाटणी पहिल्याच कागदावर छापली, की कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

वर्गावर्गांत चुरस हवीच, त्याशिवाय मुलांना मजा नाही. पण ती कशी मोजायची यावर सगळं ठरतं. डबे मोजले तर ६ औंसाच्या टोमॅटो पेस्टच्या डब्यांचा पूर येतो, कारण ते सगळ्यात स्वस्त. वजनावर चुरस लावली तर हॉटेलला लागणारे सहा-सात पाउंडांचे अगडबंब डबे येतात. चार माणसांच्या घरात असा डबा उघडला, तर निम्मा वाया जातो. म्हणून गुण ठेवले होते. ट्यूना, चिकन, पीनट बटर यांना ३; बीन्स, सूप, रसातली फळं यांना २; यादीतल्या बाकी सगळ्याला १. यादीबाहेरचं असेल तर शून्य. मुलं आईवडिलांना दुकानात घेऊन जायची ती हा तक्ता पाठ करून, आणि उद्दिष्ट तेच होतं.

निवडानिवडीचा रविवार हा सगळ्यात गजबजलेला. भाड्याच्या सभागृहात लांब टेबलं जोडायची, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात आणि चित्रासह पाटी: बीन्स, भाज्या, फळं, टोमॅटो, सूप, मासे-मांस, धान्य-पास्ता. आठवं टेबल 'ताईला विचारा'चं, आणि त्यावर सतत रांग. शिशुवर्गातल्यांनी एका वेळी एकच डबा दोन्ही हातांनी न्यायचा आणि चित्र बघून टेबलावर ठेवायचा. आठ ते दहा वर्षांची मुलं तारखा शोधायची. या तारखा डब्यांच्या बुडावर पुसट शाईत किंवा ठशात असतात आणि शेजारी कारखान्याचे आकडेही असतात, त्यामुळे हे काम डोळे चांगले असलेल्यांचंच. भारतीय दुकानातल्या डब्यांवर एक गंमत कायमची. तिथे दिवस आधी आणि महिना नंतर. '०२/१२' म्हणजे २ डिसेंबर, पण इथं वाढलेली मुलं ती १२ फेब्रुवारी वाचून चांगला डबा बाद करायची. त्या टेबलाशी एक आजोबा बसवले, की प्रश्न मिटायचा.

'बेस्ट बाय' ही तारीख चवीची आणि दर्जाची, सुरक्षिततेची नव्हे. संघराज्याच्या कायद्याने तारीख सक्तीची आहे ती फक्त तान्ह्या बाळाच्या फॉर्म्युल्यावर, म्हणजे आईच्या दुधाऐवजी देतात त्या दुधावर. तारीख उलटलेले डबे काही पँट्री ठरावीक मुदतीपर्यंत घेतातही. पण मुलांच्या हातात साधा नियम द्यावा लागतो. तारीख गेली, तर डबा बाजूला.

पोचे तपासायचं काम मोठ्या मुलांकडे. डब्याच्या मध्यावर उथळ पोचा असेल तर चालतो. बोटाचं टोक आत बसेल इतका खोल असेल, किंवा वरच्या-खालच्या कडेवर अथवा उभ्या सांध्यावर असेल, तर बाद. सांधा किंचित जरी उघडला तरी जंतू आत शिरतात, आणि बीन्स-मक्यासारख्या कमी आंबट पदार्थात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. त्याचा वास येईलच असं नाही. फुगलेला, गळका, किंवा पुसून न जाणाऱ्या गंजाचा डबा उघडून बघायचा नाही, तसाच पिशवीत बांधून फेकायचा. लेबल निघालेला डबाही बाद, कारण आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. 'उद्या कुणी आजारी पडलं तर आपल्यावर येईल का?' असं एखादे काका दरवर्षी विचारायचे. प्रामाणिकपणे अन्न देणाऱ्याला संरक्षण देणारा बिल एमर्सन कायदा १९९६ पासून आहे. तरी बाद डबे शाळेतच अडवायचे, कारण पँट्रीत पोचल्यावर ते टाकण्याचा खर्च आणि श्रम त्यांचे होतात.

भरायला सगळ्यात चांगलं खोकं छपाईच्या कागदाच्या रिमांचं. १५ औंसाच्या डब्यांचे पंधरा-पंधराचे दोन थर त्यात बसतात. पण असा एक डबा पत्र्यासकट पाउंडाहून थोडा जास्तच भरतो, म्हणजे भरलेलं खोकं तीस पाउंडांच्या वर. म्हणून चोवीसच डबे ठेवायचे आणि उरलेल्या जागेत पास्त्याची पाकिटं. तळाला आडवी आणि उभी चिकटपट्टी मारायची, नाहीतर तळघराच्या जिन्यावर बूड सुटतं. केळ्यांची खोकी दणकट असतात, पण त्यांच्या तळाला मोठं भोक असतं. आत पुठ्ठा घातल्याशिवाय भरायची नाहीत. वजनाला न्हाणीघरातला काटा पुरतो: खोकं उचलून काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. हायस्कूलची मुलं यात उत्साही, कारण त्यांना स्वयंसेवेचे तास लागतात. आल्या-गेल्याची वेळ वहीत नोंदवली, तरच तासांचं प्रमाणपत्र.

आणि मग किल्ला. दिवाळीच्या कार्यक्रमाला मातीचा किल्ला भाड्याच्या सभागृहात करू देत नाहीत, पण डब्यांचा करायला कुणाची हरकत नसते. एका बाजूला १५ औंसाचे सोळा डबे, म्हणजे चार फूट. चौकोनी तटाला एका थरात ६० डबे, पाच थरांना ३००. कोपऱ्यातले बुरूज सात-सात डब्यांचे, मध्ये एक आणि भोवती सहा, सहा थर उंच. चारही बुरुजांना १६८. दरवाजाचे डबे वगळले तरी साडेचारशेच्या आसपास माल किल्ल्यातच. दर दोन थरांमध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालायची, कारण सगळ्या कंपन्यांचे डबे एकमेकांत बसत नाहीत आणि चौथ्या थरापासून तट डुलायला लागतो. डिंक, चिकटपट्टी अजिबात नाही. लेबल फाटलं की डबा गेला. टेबलावर रचायचं नाही, जमिनीवरच. साडेचारशे पाउंडांना घडीचं टेबल दगा देतं. हिरव्या लेबलांचे डबे खाली, पिवळे-लाल वर अशी रंगांची आखणी मुलंच करायची. सिंहासनावर भारतातून आणलेले शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे, आणि दरवाजाशी पहाऱ्याला ट्यूनाचे डबे. भोवती दोरी बांधायची ती दोन-तीन वर्षांच्या मावळ्यांसाठी. ते नेमका खालचाच डबा ओढतात.

कार्यक्रम संपला की जेवणाच्या पंगतीआधी किल्ला उतरवायचा. जेवणानंतर कुणी हाताशी लागत नाही.

त्यानंतर फार दिवस माल ठेवू नये. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये डबे राहतात, डिसेंबरची थंडी पडते, आतलं पाणी गोठून डबे फुगतात आणि सांधे ढिले होतात. पास्ता आणि तांदूळ तर उंदरांच्या वाट्याला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या आठवड्यात दोन मिनीव्हॅन भरून खोकी पोचवायची, सोबत ढकलगाडी आणि पालकांनी जमवलेल्या पैशांचा चेक. तेवढ्याच पैशांत फूड बँक घाऊक भावाने आपल्यापेक्षा किती तरी जास्त अन्न घेते, हे खरं आहे. पण चेक शिशुवर्गातल्या मुलाला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर नेता येत नाही. त्यामुळे दोन्ही हवं.

पँट्रीतून पाउंडांत लिहिलेली पावती मिळायची. पुढच्या रविवारी फळ्यावर तिचा भागाकार: फूड बँकांची देशव्यापी संघटना असलेल्या फीडिंग अमेरिकेच्या हिशोबाने १.२ पाउंडांचं एक जेवण, म्हणजे ६०० पाउंडांची ५०० जेवणं. ट्यूना आणि मका एकाच मापाने मोजणारा हा हिशोब ढोबळच, पण चौथीच्या मुलांना दशांशाचा भागाकार यायला लागतो.

पँट्रीच्या फळ्या नोव्हेंबर-डिसेंबरात भरून वाहतात आणि जूनपासून रिकाम्या होतात, कारण शाळांना सुट्टी लागते आणि मुलांचं शाळेतलं जेवण थांबतं. म्हणून नंतर मे महिन्यात, शाळेच्या शेवटच्या रविवारी दुसरी फेरी सुरू झाली. किल्ला नाही, गुण नाहीत, एकच कागद. त्यावर पँट्रीने स्वतःहून सांगितलेली एक वस्तू सगळ्यात वर असते: हाताने चालणारा साधा कॅन-ओपनर.