लोखंड अजून निजूक नाय

नव्वदच्या दशकातली गोष्ट, जानेवारी महिना. मी तेव्हा मुंबईच्या एका गोदीत वेपन सेक्शनला होतो, डिप्लोमा करून लागलेला, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. जहाजाचं नाव लिहीत नाही आणि गोदीचंही नाही, पण बेसिनमध्ये, म्हणजे गोदीतल्या बंदिस्त पाण्यात, उभ्या त्या जहाजावर अंगावर येणारी विमानं आणि मिसाइलं पाडणारं रशियन ओसा मिसाइल होतं एवढं सांगतो, कारण त्याच्याशिवाय गोष्टच नाही.

ओसा म्हणजे रशियन भाषेत गांधीलमाशी. नेव्हीत ही सिस्टीम गोदावरी जातीच्या फ्रिगेटवर होती आणि त्याआधी सत्तरच्या दशकात रशियातून आलेल्या विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, होसदुर्ग या छोट्या जहाजांवर होती. आपल्या किल्ल्यांची नावं आणि पोटात रशियन गांधीलमाशी, मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. डेकवर वरून काही दिसत नाही, नुसतं एक गोल झाकण. ते झाकण उघडतं आणि आतून दोन हातांचा लाँचर वर येतो, दोन्ही हातांना एकेक मिसाइल, खाली गोल मॅगझिनमध्ये बाकीची, सगळी मिळून वीस. मिसाइल तीन मीटरपेक्षा थोडं लांब, वजन सव्वाशे किलोच्या आसपास, टप्पा साधारण दहा किलोमीटर. त्याला स्वतःचे डोळे नाहीत. जहाजावरचं रडार टार्गेटलाही बघतं आणि मिसाइललाही बघतं आणि रेडिओवरून त्याला सांगत राहतं, वर हो, डावीकडे हो. म्हणजे मिसाइल कितीही चांगलं असलं तरी सगळा भरवसा त्या रडारवर आणि लाँचरवर, ते दोघं एकमेकांशी किती खरं बोलतात त्यावर.

ते खरं बोलतायत की नाही हे बघायचं काम आमचं. अलाइनमेंट म्हणतात त्याला. जहाजाच्या पोटात एक जागा असते, तिथे एक मशीन करून सपाट केलेली प्लेट पक्की बसवलेली असते, मास्टर डेटम. जहाजावर तोफ, रडार, लाँचर जे काही फिरतं ते सगळं त्या एका प्लेटच्या हिशोबाने लेव्हलला पाहिजे. आणि लेव्हल म्हणजे कशात मोजायची, तर एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक म्हणजे एक मिनिट, त्या मिनिटात. एक मिनिट म्हणजे दहा किलोमीटरवर साधारण तीन मीटर. ऐकायला काहीच नाही वाटत ना, पण समुद्राला चिकटून पाच मीटरवरून येणाऱ्या शत्रूच्या मिसाइलसाठी तीन मीटर म्हणजे निम्म्याहून जास्त उंची झाली.

आमच्या सेक्शनला एक जुने फिटर होते, मालवणकडचे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, ऑफिसरसुद्धा अण्णाच म्हणायचे. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती. त्यांच्याकडे काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती, त्यात प्रत्येक जहाजाचं प्रत्येक रिफिटचं, म्हणजे मोठ्या दुरुस्तीचं, रीडिंग, शेजारी तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आणि ऊन कुठून. हे शेवटचं कशासाठी लिहितात ते मला कळायचं नाही आणि विचारायचं सुचलंही नाही.

त्या दिवशी घाई होती. जहाज शुक्रवारी ट्रायलला जायचं होतं, आम्हाला मिळाला मंगळवार. रात्रीचं काम करायचं तर ओव्हरटाइम, लाइट, परमिशन, सगळं आलं, म्हणून वरून निरोप आला की दुपारीच उरकून घ्या. अण्णा दुसऱ्या जहाजावर होते. मी आणि माझ्याबरोबरचा एक जण, दोघांनी करायचं ठरलं.

पद्धत अशी असते की एक क्लिनोमीटर, म्हणजे कल मोजायचं उपकरण, खाली मास्टर प्लेटवर, एक वर लाँचरवर. जहाज पाण्यात असतं, बाजूने टग गेला तरी हलतं, त्यामुळे दोन्ही रीडिंग एकाच क्षणी घ्यावी लागतात. हेडफोनवर मी म्हणायचं "मार्क", खालचा पण त्याच क्षणी वाचणार, मग वजाबाकी. लाँचर तीस अंश फिरवायचा, परत मार्क, परत तीस अंश, असा पूर्ण गोल. बारा रीडिंग. ती कागदावर काढली की लाटेसारखा आकार येतो, लाट किती उंच त्यावरून कळतं लाँचर किती कललाय आणि कुठल्या बाजूला. क्लिनोमीटरचा तो बुडबुडा बघत बसायचं म्हणजे काय असतं ते सांगतो, नखाएवढा असतो, हिरवट पाण्यात, श्वास जरा जोरात सोडला तर सरकल्यासारखा वाटतो, दोन रेघांच्या मध्ये येऊन थरथरतो आणि तुम्हाला तो थांबेपर्यंत डोळा न मिटता बसायचं असतं, कपाळावरचा घाम डोळ्यात जातो तरी.

बारा रीडिंग झाली, मी लाट काढली, आणि मागच्या रिफिटच्या कागदाशी लावून बघितलं तर चार मिनिटांचा फरक. परत घेतली, परत चार. सव्वाचार म्हणा. मला खरं तर आनंद झाला होता, आपण काहीतरी पकडलं म्हणून. जहाजाचे लेफ्टनंट साहेब आले, तरुण होते, अभ्यास दांडगा, त्यांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण चार मिनिटं म्हणजे लिमिटच्या बाहेर, म्हणजे लाँचर उचलायचा, खाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालायचे, परत बसवायचा, आठवडा गेला. शुक्रवार विसराच. तरी ते म्हणाले, असेल तर असेल, चुकीचा लाँचर घेऊन मी समुद्रात जाणार नाही, तुम्ही रिपोर्ट लिहा. मी लिहायला घेतला. सही करायची राहिली होती.

पाचच्या सुमाराला अण्णा आले. कागद बघितला, काही बोलले नाहीत. मला म्हणाले चल डेकवर. उजव्या बाजूच्या प्लेटवर माझा हात ठेवला, "हंय हात लाव बघ". गार होती. मग डाव्या बाजूला नेलं, "आता थंय लाव". हात ठेवला आणि झटकन काढला, भाजलं. जहाज अशा दिशेने लागलं होतं की दुपारभर ऊन एकाच बाजूवर. शंभराहून जास्त मीटर लांबीचं लोखंड, एक बाजू तापून ताणलेली आणि दुसरी सावलीत, म्हणजे अख्खं जहाजच वाकलेलं, डोळ्याला न दिसणारं. मास्टर प्लेट एकीकडे, लाँचर एकीकडे, मधल्या लोखंडाने पीळ खाल्लेला. मी लाँचर मोजलाच नव्हता, मी ऊन मोजलं होतं.

अण्णा म्हणाले, "लोखंड अजून निजूक नाय रे झिला. रात्री येवया."

लेफ्टनंट साहेबांनी परमिशनसाठी स्वतः धावपळ केली, हे मला आजही सांगावंसं वाटतं, कारण त्या वयात ऑफिसरला फिटरचं ऐकणं सोपं नसतं. रात्री अकराला आम्ही गेलो. अण्णांनी आजूबाजूचं सगळं बंद करवलं, वेल्डिंग नाही, क्रेन नाही, तेल भरणं नाही, माणसांची ये-जा नाही. मग नुसतं बसलो. लोखंड गार व्हायची वाट बघत. टिक टिक असे बारीक आवाज यायचे प्लेटांमधून, मी दोन वर्षं त्या जहाजांवर फिरलो होतो आणि ते आवाज पहिल्यांदा ऐकले.

त्या बसण्यातच साहेबांनी सांगितलं की या सगळ्याची घाई जगाला कधी लागली. २१ ऑक्टोबर १९६७ ला इजिप्तच्या छोट्या बोटींनी रशियन स्टिक्स मिसाइलने इस्रायलची एलात ही विनाशिका बुडवली, तेव्हा सगळ्या नेव्हींना कळलं की आता तोफेच्या जोरावर राहता येणार नाही. चारच वर्षांनी, १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या निर्घात, निपात आणि वीर या बोटींनी कराचीवर तेच केलं. म्हणजे हे मिसाइल काय करतं ते आपल्या नेव्हीने मारून बघितलेलं, त्यामुळे आपल्यावर आलं तर काय हा प्रश्नही आपल्याला पडला. आणि ४ मे १९८२ ला फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांच्या शेफिल्ड या विनाशिकेवर एक्झोसेट मिसाइल आदळलं, वीस माणसं गेली. शेफिल्डवर स्वतःचं विमानविरोधी मिसाइल होतं, सी डार्ट. सुटलंच नाही. साहेबांनी अंधारात बोटांवर हिशोब करून दाखवला, आपलं रडार पाण्यापासून वीस मीटर उंच, येणारं मिसाइल पाच मीटरवर, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ते दिसणार फार तर सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर. सेकंदाला तीनशे मीटर. दीड मिनिट. त्यात बघायचं, ओळखायचं, झाकण उघडायचं, लाँचर वर आणायचा, फिरवायचा आणि सोडायचं. दुरुस्त करत बसायला वेळ कुणाकडे नाही.

पहाटे तीनला अण्णांनी प्लेटला हात लावला आणि उठले. बारा रीडिंग. या वेळी मार्क ते म्हणत होते आणि खाली मी होतो. बेसिनमध्ये पाणी तेलासारखं निवांत. वजाबाक्या केल्या, लाट काढली. फरक एक मिनिटाच्या आत. मागच्या रिफिटच्या कागदावर जवळजवळ कागद ठेवून छापल्यासारखी.

मी म्हटलं झालं, पण अण्णा म्हणाले ताऱ्यावर बघूया. हे मी फक्त ऐकलं होतं. लाँचर आणि रडार एकमेकांपासून कितीतरी मीटर लांब, जवळची वस्तू बघितली तर दोघांच्या नजरा वेगळ्या कोनातून जाणार, त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागते. पण तारा इतका लांब की दोघांच्या नजरा समांतरच. दोन्हीकडे दुर्बिणी बसवल्या. पश्चिमेला गोदीबाहेरच्या इमारतींच्या वर व्याध होता, मावळतीकडे झुकलेला, धुरकट हवेतसुद्धा लखलखीत. मी दुर्बिणीतून बघितलं तर बारीक क्रॉस वायर आणि तिच्यावर निळा-पांढरा थरथरणारा ठिपका. तिकडून साहेब ओरडले, माझ्याकडे मध्यावर आहे, तुमच्याकडे? माझ्याकडेही मध्यावर होता. आमच्या आजीने मला लहानपणी अंगणातून जो व्याध दाखवला होता त्याच्यावर आम्ही मिसाइलचा लाँचर जुळवत होतो, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

दुपारचा रिपोर्ट मी फाडला. अण्णांनी फाडायला लावला नव्हता, ते म्हणाले ठेव फाइलला, पण माझ्याने राहवलं नाही, आणि ते चुकलंच माझं, ठेवायला हवा होता.

जहाज शुक्रवारी गेलं. पुढे मार्चमध्ये फायरिंग होतं अरबी समुद्रात आणि सेक्शनमधून दोन जणांना बरोबर घेतलं, त्यात मी. मला वाटलं होतं मिसाइल जाताना बघायला मिळेल. कसलं काय, सगळ्यांना आत घेतात, दारं बंद. मी एका कंपार्टमेंटमध्ये पाइपला धरून उभा. स्पीकरवर आवाज, टार्गेट विमान आलं, पायलट नसलेलं छोटं असतं ते, रडारने पकडलं. मग झाकण उघडल्याची घरघर पायातून जाणवली, लाँचर वर आल्याचा ठोका, आणि मग धाड करून असा आवाज झाला की छातीत बसला. मी मोजायला लागलो, एक, दोन, तीन. सात-आठपर्यंत काही नाही. स्पीकर गप्प. अकरा. बारा. तेराला कुणीतरी ओरडलं आणि मग सगळेच ओरडले, स्पीकरवर काय म्हणाले ते मला कळलंच नाही. शेजारच्या खलाशाने मला मिठी मारली, बिहारचा होता, तोवर एक शब्द बोलला नव्हता माझ्याशी.

वर जायला मिळालं तेव्हा झाकणाभोवतीचा रंग करपून फोड आले होते आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत येतो तसा वास. मी खाली बसून डेकला हात लावला. तापलेलं होतं. दुपार होती ना. आणि एकदम डोक्यात आलं, अरे, आत्ता तर जहाज वाकलेलंच आहे की, मग आपण त्या रात्री एवढं केलं ते कशासाठी?

नंतर आम्ही कितीतरी नवी सिस्टीम बघितली. १९८३ ला सुरू झालेल्या त्रिशूळची नेव्हीने वर्षानुवर्षं वाट बघितली, समुद्राला चिकटून येणारं मिसाइल पाडणं हीच त्याची खरी परीक्षा होती आणि तिथेच ते अडलं, मग इस्रायलचं बराक आलं. आठ-आठ डब्यांत उभं असतं, लाँचर फिरतच नाही, वर उडतं आणि हवेतच वळतं. डिसेंबर २०१५ मध्ये आयएनएस कोलकाताने डीआरडीओ आणि इस्रायलने मिळून केलेलं लांब पल्ल्याचं बराक-८ सोडलं तेव्हा मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. त्याला शेवटच्या टप्प्यात स्वतःचे डोळे आहेत, आणि जहाजाचं रडार चार बाजूंना चार पॅनलचं, तेही फिरत नाही. पण ते चार पॅनल एकमेकांशी जुळवावे लागतातच, आणि लोखंड अजून उन्हात तापतंच.

तर फायरिंगवरून परत आल्यावर मी तो प्रश्न अण्णांना विचारला, कँटीनमध्ये, चहा घेताना. ते म्हणाले, चार मिनिटांनी एकट्याने मिसाइल चुकत नाही, रडार सांभाळून घेतं, पण रडारचं थोडं, जहाजाचं डोलणं मोजणाऱ्या जायरोचं थोडं, लाटेचं थोडं, सगळ्यांचं थोडं थोडं असतंच. "चार मिनटां ऊन खाता, ता आपल्या हातात नाय. वर आणखी चार तू कायमची घातलंस तर आठ झाली मा?" आणि शिम घालून तो कागद फाइलला गेला असता तर पुढच्या रिफिटला लोकांनी त्याच्यावरच विश्वास ठेवला असता, त्याच्या पुढच्यालाही.

मग त्यांनी वही काढली आणि मला विचारलं, किती वाजता सोडलं, ऊन कुठून होतं. मी सांगितलं. जानेवारीच्या रीडिंगच्या खाली त्यांनी पेन्सिलने लिहिलं: दुपारी २, ऊन डावीकडून, लागलं.