पिझ्झा पोचवायचं काम आणि शेवटचे शंभर मीटर

ओळखीतलं कुणी ना कुणी अधूनमधून विचारतंच, "तू इतकी वर्षं पिझ्झा डिलिव्हरी केलीस, मी पण करू का?" गाडी येते, फोनमध्ये नकाशा आहे, संध्याकाळ मोकळी आहे, अजून काय लागतं? मी आधी रायडर होतो आणि नंतर काउंटरमागे उभा राहून रायडरना ऑर्डरी वाटून द्यायचो. दोन्हीकडून हे काम पाहिलंय, तेव्हा दरवेळी तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी वेळेचं गणित. नवा मुलगा आला की हमखास रस्त्यावर वेळ वाचवायला बघतो. घर तीन किलोमीटरवर आहे असं धरू. ताशी ४० च्या वेगाने गेलात तर साडेचार मिनिटं लागतात. ५० ने गेलात तर ३ मिनिटं ३६ सेकंद. वाचले ५४ सेकंद, तेही वाटेत एक सिग्नल नाही, एक वळण नाही असं मानून. उलट ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. ४० चे ५० केलेत की ते दीडपटीच्या वर जातं. आणि ते ५४ सेकंद एकदा चुकीच्या जिन्याने दोन मजले चढून उतरलात की संपले.

खरा वेळ खातात ते शेवटचे शंभर मीटर. नकाशातली खूण इमारतीच्या मागच्या भिंतीवर पडलेली असते आणि मागे दारच नसतं. घराचा नंबर वेलीखाली गाडलेला. जिन्यातला दिवा गेलेला. बेल वाजत नाही, हे घरातल्यांना सवयीचं झालेलं असतं, आपल्याला माहीत नसतं. लिफ्ट कुणीतरी वर अडवून ठेवलेली. आणि फोन? भूक लागलेली माणसं ऑर्डर देताना चार वेळा फोन करतील, पण आपण दाराशी पोचलो की नेमका तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो.

आमच्या भागात एका मोठ्या वसाहतीत एकसारख्या इमारती होत्या. तिथून कुणीही ऑर्डर दिली की पत्ता सांगायची पद्धत ठरलेली: "गेटमधून आत आलात की समोरचीच." वसाहतीला गेटं तीन. प्रत्येक गेटातून समोर वेगळी इमारत. प्रत्येकाच्या दृष्टीने आपलं गेट तेच खरं गेट, त्यामुळे खोटं कुणीच बोलत नव्हतं. शेवटी आम्ही प्रश्नच बदलला. "कुठली इमारत?" विचारायचं बंद केलं आणि "तुमच्या खिडकीतून खाली काय दिसतं?" असं विचारायला लागलो. पाण्याची टाकी दिसते म्हटलं की मागची, खेळायची जागा दिसते म्हटलं की मधली. पत्ता सांगताना गोंधळणारा माणूस खिडकीबाहेरचं बरोबर सांगतो.

तेव्हा नवीन पत्ता असेल तर फोन गेटावरून करू नका, दुकानातून निघण्याआधी करा. गेटावर तुम्ही घाईत असता आणि आवाजही धड ऐकू येत नाही. हातात छोटी टॉर्च असू द्या, फोनचा दिवा पुरत नाही आणि बॅटरीही खातो. गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेला ठेवून लावा. आणि एक वही करा. कुठल्या घरी बेल बंद आहे, कुठे कुत्रा मोकळा असतो, कुठल्या इमारतीचं मागचं दार रात्री दहानंतर कुलूपबंद होतं, हे लिहून ठेवणारा रायडर दोन-तीन महिन्यांत बाकीच्यांच्या पुढे जातो, गाडी सगळ्यांत हळू चालवत असला तरी.

अर्ध्या तासाची गोष्टही सांगायलाच हवी, कारण लोकांच्या डोक्यात पिझ्झा म्हटलं की ती असते. डॉमिनोज़ अमेरिकेत पूर्वी अर्ध्या तासात पिझ्झा पोचवण्याची हमी द्यायचं. सेंट लुईसमध्ये १९८९ साली त्यांच्या एका ड्रायव्हरने सिग्नल तोडून एका बाईंच्या गाडीला धडक दिली. त्या खटल्यात १९९३ मध्ये ज्युरीने सात कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठोठावली आणि त्याच वर्षी कंपनीने तिथे ती हमी बंद केली. हमी गेली, पण घड्याळ राहिलंच. आता ते दुकानातल्या स्क्रीनवर असतं आणि गिऱ्हाइकाच्या फोनवरही, तुमचा ठिपका कुठे थांबलाय ते दाखवत. काउंटरमागे असताना माझ्या एक लक्षात आलं: उशीर झालेल्या ऑर्डरी काढून बघितल्या तर रायडर रस्त्यात रेंगाळलाय असं क्वचितच दिसायचं. पिझ्झा ओव्हनमधून निघून रायडरची वाट बघत पडलेला असायचा, नाहीतर रायडर पिझ्झाची. दोन्हीचं खापर मात्र दारात उभ्या असलेल्यावरच फुटतं.

तो दारात उभा असलेला म्हणजे तुम्ही. मिरची जास्त पडली, टॉपिंग चुकलं, कडा करपली, सगळं तुम्हीच केलंत. यावर वाद घालू नये. "मी आत्ता दुकानात फोन लावून देतो" एवढं म्हणून खरंच लावून द्यावा. निम्मा राग फोन लागेपर्यंतच उतरतो.

आता पिझ्झाबद्दल थोडं, कारण शेवटी तो धड पोचवायचा आहे. बहुतेक मोठ्या दुकानांत सरकत्या पट्ट्याचा ओव्हन असतो; पिझ्झा एका टोकाने आत जातो आणि काही मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. तिथून कापायच्या टेबलावर, मग बॉक्स, लेबल, हॉट बॅग. बाहेर पडल्यावरची पहिली काही मिनिटं सगळ्यांत नाजूक. चीज अजून पातळ असतं, सॉसवर तरंगत असतं. एक जोराचा गतिरोधक आणि सगळं एका बाजूला गोळा. म्हणून दुकानाजवळचे खड्डे जपून पार करायचे. घराजवळ येईपर्यंत चीज बसलेलं असतं. बॉक्स काखेत मारून जिना चढणारा रायडर दिसला की मला आजही कससं होतं. बॉक्स आडवा, तळहातावर, बस्स.

बॉक्सला बाजूला भोकं असतात ती वाफ जाण्यासाठी. वाफ आत कोंडली की पुठ्ठा मऊ पडतो, झाकण खचतं आणि चीजला चिकटतं. यावरचा उपाय म्हणजे पिझ्झाच्या मधोमध उभी केलेली ती प्लास्टिकची इवलीशी तीन पायांची तिवई. तिचं पेटंट अमेरिकेत कार्मेला व्हिटाले या बाईंना १९८५ मध्ये मिळालं. पोरं ती बाहुलीचं टेबल म्हणून जपून ठेवतात. हॉट बॅगेची चेन मात्र पूर्ण लावायची, आणि थंड बाटल्या त्यात कधीच घालायच्या नाहीत. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्धवट उघड्या बॅगेत, दोन बाटल्यांच्या शेजारी, ते कठीणच.

निघण्यापूर्वी लेबल वाचा आणि बारीकसारीक वस्तू मोजा. पिझ्झा सहसा विसरत नाही, विसरतं ते डिप. एका डिपच्या वाटीसाठी परत चक्कर मारायला लावणारी माणसं आहेत, आणि त्यांनी पैसे मोजलेले असतात, तेव्हा बोलायची सोय नाही.

पैशांचं बोलू. पगार किंवा फेरीमागे मिळणारे पैसे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगतील. गाडीचं कुणी सांगत नाही. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल सोडून टायर, ब्रेक पॅड, ऑइल, चेन हे सगळं तुमच्या कमाईतून जातं आणि नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जातं, कारण हे काम म्हणजे दर थोड्या अंतराने थांबणं आणि पुन्हा उचलणं. महिन्याच्या शेवटी हातात जाड पुडकं दिसतं. त्यातलं थोडं टायरने आधीच खाल्लेलं असतं, फक्त बिल तीन महिन्यांनी येतं. किलोमीटर रोज लिहा. विम्याचं तर आधी विचाराच. बऱ्याच ठिकाणी घरगुती वापरासाठीचा विमा धंद्याच्या कामात झालेला अपघात धरत नाही. विमा कंपनीला स्पष्ट विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. "काही होत नाही रे" हे सहकाऱ्याचं उत्तर पुरावा म्हणून चालत नाही.

रोख घेत असाल तर सुट्टे वेगळ्या खिशात, मोठ्या नोटा वेगळ्या, आणि जमलेली रोख दर फेरीला काउंटरवर जमा. रात्रीच्या हिशेबात कमी पडले तर तुमच्या खिशातून जातात, हे गृहीत धरा. अंगावर कमी पैसे असणं चोराच्या दृष्टीनेही चांगलं. कुणी अडवलंच तर पैसे आणि पिझ्झा देऊन मोकळं व्हायचं, मर्दुमकी दाखवायची नाही. तसंच उंबऱ्याच्या आत जायचं नाही, कितीही प्रेमाने "आत ठेवा ना" म्हणाले तरी. हातपाय हलत नसलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी मी हा नियम मोडायचो, पण आधी दुकानात सांगून.

टिपेचं काही शास्त्र नाही. घराच्या आकारावरून अंदाज बांधू नका, एवढंच. जिन्याने चौथा मजला चढून गेलात आणि दम लागलेला दिसला तर देणारे देतात. मोठ्या फाटकाच्या घरी मात्र फाटकातूनच हात पुढे येतो आणि फाटकातूनच मागे जातो. टिप मिळाली तर बोनस समजायची, पगारात धरायची नाही.

दारं उघडतात तेव्हा लोकांची घरं नको तितकी दिसतात, याची कुणी कल्पना देत नाही. भांडण मध्येच थांबवून हसत पैसे देणारं जोडपं. परीक्षेच्या आदल्या रात्री जमलेली, डोळे तारवटलेली मुलं. एकदा दार उघडलं ते एका पोक्त बाईंनी. मागे खोलीत बरीच माणसं खाली बसलेली, कुणी बोलत नव्हतं. कुणीतरी गेलं होतं त्या घरातलं. बारक्या पोरांना भूक लागली म्हणून पिझ्झा मागवलेला. आणि मी तिथे झगझगीत रंगाचा टी-शर्ट घालून, रोजचं ठरलेलं हसू चेहऱ्यावर घेऊन उभा. त्या दिवसापासून मी दार पूर्ण उघडेपर्यंत हसायचं थांबवलं.

पाऊस हा वेगळाच विषय. पाऊस पडला की लोक घराबाहेर पडत नाहीत, म्हणून ऑर्डरी वाढतात, आणि त्याच पावसामुळे दोन रायडर येत नाहीत. बरेच दिवस कोरडा राहिलेला रस्ता पहिल्या सरींत सगळ्यांत जास्त निसरडा असतो, साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर उठून येतं म्हणून. चांगला झोडपून पाऊस झाल्यावर तोच रस्ता थोडा बरा होतो. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं यांवर ओल्यात ब्रेक दाबायचा नाही, वळायचं तर नाहीच. मागे बॉक्स लावलेला असतो, त्यामुळे गाडीचं वजन नेहमीपेक्षा मागे आणि वर असतं. वळणावर ते जाणवतं. रिकाम्या बॉक्ससह आणि भरलेल्या बॉक्ससह आधी एखाद्या मोकळ्या जागेत चालवून बघा.

गर्दी नसते तेव्हा आराम असतो, असंही समजू नका. बॉक्स दुमडायचे असतात, शेकड्यांनी. फ्रीजमध्ये सॉस भरायचे, फरशी पुसायची, ट्रे घासायचे. बॉक्स दुमडून दुमडून बोटांच्या कडा पुठ्ठ्याने कापतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कपड्यांना लागणारा वास दोन धुण्यांत जात नाही. जेवण रात्री अकरा-साडेअकराला, आणि पहिल्या महिन्यात फुकट किंवा स्वस्तात मिळणारा पिझ्झा रोज खावासा वाटतो. दुसऱ्या महिन्यात पोट सांगतं. डबा न्या.

तरीही काम वाईट नाही. डोक्यावर सतत साहेब बसलेला नसतो, दोन ऑर्डरींच्या मधला रस्ता आपला असतो, आणि गाव जितकं रायडरला कळतं तितकं पोस्टमन सोडला तर कुणालाच कळत नाही.

मुलाखतीला गेलात तर पगार ते सांगतीलच, तुम्ही बाकीचं विचारा. गाडी कुणाची, पेट्रोल कोण देतं, अपघात झाला तर काय, एका वेळी किती ऑर्डरी हातात देता, पत्ता सापडला नाही तर माल परत आणायचा की पैसे माझ्या नावावर. दुकान बंद किती वाजता होतं हे विचारून उपयोग नाही. शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत घेता आणि त्यानंतर ट्रे कोण घासतं, हे विचारा. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, तर ट्रे तुम्हीच घासणार आहात.