हिंगातला गहू

हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं सहसा कोणी वाचत नाही. शेजारच्या काकू मात्र वाचतात, तेही भिंग लावून. काकू बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, जन्मापासून ठाण्याच्या. पेसाह हा ज्यूंचा सण जवळ आला की त्यांच्या स्वयंपाकघरात झडती सुरू होते. गहू, जव, ओट्स, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांतलं जे भिजून फुगलं ते हामेत्झ. सणात घरात नको. पाव-बिस्किटं बाहेर जाणार हे कोणालाही कळतं. पण हिंग? बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. सोया सॉसमध्येही गहू सापडतो.

भाताचं प्रकरण आणखी मजेशीर. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी तांदूळ, डाळी, मका, अगदी मोहरीसुद्धा शतकानुशतकं वर्ज्य मानली. न जाणो, त्यात गव्हाची सरमिसळ झाली तर! अमेरिकेत तर कोकाकोलात मक्याचा पाक असतो म्हणून पेसाहपुरती साखरेची, पिवळ्या झाकणाची वेगळी बाटली येते. कोकणात ही धास्ती पोचली नाही हे बरंच झालं. आठ दिवस भाताविना तिथला माणूस जगणार कसा? तरी चुकार गहू नको म्हणून काकू ताटात तांदूळ पसरून तीनदा निवडतात. 2015 साली अमेरिकेतल्या ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मपंडितांनीही भात-डाळींना मोकळीक दिली.

आपण हसायचं कारण नाही. आपल्या उपासाला तांदूळ चालत नाही, वरीचे तांदूळ चालतात. सातासमुद्रापलीकडून आलेला बटाटा चालतो आणि कोथिंबिरीवरून दोन घरांत एकमत नसतं.

खरी गंमत पुढेच आहे. ज्या गव्हासाठी एवढी झडती, त्याचीच बेखमीर भाकर, म्हणजे मात्झा, सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या विधिवत जेवणाच्या, रात्री खावीच लागते. ज्यूंचे पूर्वज मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघाले तेव्हा पीठ आंबायला वेळच नव्हता, त्याची ही आठवण. पिठात पाणी पडल्यापासून 18 मिनिटांत सगळं उरकायचं. 1874 साली पुण्यात शिळाप्रेसवर छापलेल्या हिब्रू-मराठी हगादामध्ये, म्हणजे सेदेरला वाचायच्या पोथीत, साड्या नेसलेल्या बायका ही भाकर करताना दाखवल्या आहेत.

हल्ली पाकिटातला तयार मात्झा मिळतो. काकूंच्या मते तो पुठ्ठा. त्या तो कोंबडीच्या रश्शात बुडवून खातात. एकदा भाजलं की पीठ पुन्हा आंबत नाही म्हणे. काही हसीदी, म्हणजे ज्यूंमधल्या एका कर्मठ पंथाच्या, घरांत मात्झा असा भिजवलेलाही चालत नाही. त्यांनी काकूंचा रस्सा चाखलेला नाही, दुसरं काय!