‘कठीण आहे’ म्हणजे नाही

टोकियोतल्या नोकरीचा तिसरा महिना. ऑफिसच्या चॅटवर मी सुचवलं, टेस्टिंग एक आठवडा अलीकडे घेऊ या. आमच्या काचोंचं, म्हणजे विभागप्रमुखांचं उत्तर आलं, ‘मुझुकाशी देसु ने’. कठीण आहे, नाही का!

आपल्याकडे साहेब कठीण म्हणाले की मार्ग काढायचा असतो. मी तीन मार्ग लिहून पाठवले, सोबत एक्सेल शीट. त्यावर ‘केंतो शिमासु’, विचार करतो. मी खूश! आठवडा गेला, विचार काही संपेना. शेवटी एका सेनपाईंनी, म्हणजे सीनियर सहकाऱ्यांनी, कॉफी मशीनपाशी हळूच सांगितलं, की मला एकदा नव्हे, दोनदा नकार मिळून गेलाय.

तेव्हापासून असली वाक्यं मी वहीत टिपून ठेवते. सगळ्यात लाडकं, ‘वाताशी नो रिकाई-बुसोकु कामो शिरेमासेन गा’. माझीच समज कमी पडत असेल कदाचित, पण... हे चॅटवर दिसलं की ओळखायचं, आपल्या मुद्द्यात भलंमोठं भोक सापडलंय. शेवटचा ‘गा’ म्हणजे आपला ‘पण’. पुष्कळदा वाक्य त्या ‘पण’वरच थांबतं, पुढचं आपण समजून घ्यायचं. ‘चोत्तो...’चंही तेच. अर्थ नुसता ‘थोडंसं’. समोरासमोर असलो तर माणूस दातांतून ‘स्स्स’ करत हवा आत ओढतो, तेवढ्यावरून कळतं. चॅटवर फक्त टिंबं. मी ती आता मोजते.

खरं तर मतभेद तिथवर येऊच द्यायचे नसतात. बैठकीआधी एकेकाला गाठून बोलायचं, त्याला ‘नेमावाशी’ म्हणतात. शब्द माळीकामातला आहे: झाड दुसरीकडे लावायच्या आधी त्याच्या मुळांभोवती खणून ठेवणं. मी माझं झाड थेट उपटून सगळ्यांसमोर आणून ठेवलं होतं.

रविवारी आईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, जपानी लोकांच्या तऱ्हा ऐकून हसेल. ती भाजी निवडत होती.

“अगं, त्यात काय नवीन? तुझ्या ताईच्या वेळी तीन ठिकाणांहून ‘पत्रिका जुळत नाही’ आलं. आम्ही काय पंचांग घेऊन भांडायला गेलो होतो?”