भिंतीतल्या नऊ इंचांचे घर

आजोळचा वाडा जुन्या नाशकात होता. त्याच्या भिंती दीड-दोन हात जाड होत्या आणि त्या जाडीतच कोनाडे, दिवळ्या, फडताळे सामावलेली असत. आजीचा चष्मा आणि किल्ल्या कोनाड्यात, लोणच्याच्या बरण्या फडताळात आणि तिन्हीसांजेचा दिवा दिवळीत. यांपैकी कशासाठीही खोलीतली जागा अडत नसे, आणि तरीही पाहणाऱ्याची नजर प्रथम त्या उजळलेल्या दिवळीवरच जाई. इंदिरानगरमधल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे काम काढले, तेव्हा मला हेच हवे होते.

आजच्या आतल्या भिंती जेमतेम चार इंचांच्या असतात, त्यामुळे त्यांत कोनाडा कोरण्याचा प्रश्नच येत नाही. आणि आरसीसीच्या कॉलमला किंवा बीमला तर छिन्नी लावूच नये. मात्र आमच्या दिवाणखान्यात दोन कॉलम भिंतीच्या नऊ इंच पुढे आलेले आहेत आणि त्यांच्या मधली जागा इतकी वर्षे एका शोभेच्या कुंडीने अडवली होती. सुतारकाम करणारे मिस्त्री म्हणाले, "ताई, नऊ इंचांत कपडे मावणार नाहीत, पण पुस्तके आरामात बसतील." त्या एका वाक्यावर सगळी रचना ठरली. खाली औषधे, बिले आणि चार्जर यांसाठी दारांचे कप्पे, वर पुस्तके आणि मधोमध एक उघडा कोनाडा. सगळ्याची कड कॉलमशी समतल घेतल्यामुळे भिंत आता सलग दिसते.

एकोणीस मिलिमीटर प्लायची फळी तीन फुटांहून लांब ठेवली, तर पुस्तकांच्या वजनाने काही वर्षांत मधोमध झुकते, म्हणून दर अडीच फुटांवर उभा आधार घेतला. फळीच्या पुढच्या कडेला सागाची दीड इंची पट्टी खाली उतरवली. तिच्यामुळे फळीला ताठपणा आला आणि तिच्यामागे पिवळसर प्रकाशाची एलईडी पट्टी लपली. घरातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे, कारण इथे मजबुती आणि देखणेपणा एकाच लाकडातून आले आहेत.

बेडरूममध्ये मात्र चूक झाली. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला कपाट अगदी चिकटवून बसवले गेले आणि पहिल्याच पावसाळ्यात मागचा प्लाय फुगून पांढरी बुरशी धरली. आधी बाहेरून भेगा बुजवून वॉटरप्रूफिंग करून घ्यायला हवे होते. ते नंतर केले, आणि नवे कपाट भिंतीपासून दोन इंच सोडून, खालीवर हवा खेळती राहील असे बसवले. ओल असलेल्या भिंतीवर सुंदर पॅनेल चढवून ती झाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर कृपया ऐकू नका.

पॅसेजमध्ये गेरूच्या रंगावर पांढऱ्या वारली आकृत्या काढून घेतल्या, त्याही तारपा नृत्याच्या. लग्नाचा देवचौक मी मुद्दाम टाळला, कारण तो सुवासिनींनी विधीपूर्वक लिहायचा असतो आणि चपलांच्या कपाटावर त्याला जागा देणे मला पटले नाही.

आजीच्या येवल्याच्या पैठणीचे काठ विरले होते, पदर मात्र शाबूत होता. तो सुती कापडावर बारीक टाक्यांनी टाचला, कुठेही गोंद लावला नाही, काच रेशमाला टेकू नये म्हणून फ्रेममध्ये आत पट्टी घातली आणि ऊन कधीच न पोहोचणाऱ्या भिंतीवर ती लावली. पदरावरचे मोर आता दोन कॉलमांच्या मधल्या कोनाड्यासमोर आहेत. त्या कोनाड्यात वाड्यातली पितळी समई ठेवली आहे. तिच्या आचेसाठी वर दीड फूट मोकळे सोडून मागे काळ्या दगडाची लादी बसवली आहे. तिन्हीसांजेला आई तिथे वात लावते.