तिसरी बाटली

सजीवांची लक्षणे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकली: वाढ, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता, हालचाल, प्रजनन, पेशीमय रचना. पण तुरटीचा खडाही तिच्या संपृक्त द्रावणात वाढतो, कापराची वडी पाण्यावर भिरभिरते. म्हणजे एकट्या लक्षणावर निकाल देता येत नाही. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत मोडाच्या मटकीचा श्वसनाचा प्रयोग व्हायचा तो म्हणूनच मला मोलाचा वाटतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यात एका बाटलीची भर घालावी, असे मनापासून सुचवतो.

आधी चुन्याची निवळी. लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा चुना ढवळून रात्रभर ठेवावा. जेमतेम दीड ग्रॅमच विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. वरचे नितळ पाणी अलगद ओतून घ्यावे आणि बाटली गळ्यापर्यंत भरून घट्ट बुचावी, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते.

पहिल्या बाटलीत 100 ग्रॅम मोडाची मटकी आणि दोऱ्याने टांगलेल्या छोट्या परीक्षानळीत निवळी. बुचाला व्हॅसलीन लावावे. मटकीच्या श्वसनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने काही तासांत निवळी दुधाळ होते. दुसऱ्या बाटलीत तेवढीच मटकी, पण दहा मिनिटे उकळून पूर्ण गार केलेली. निरीक्षण त्याच दिवशी नोंदवायचे. उशीर झाला की उकडलेल्या मटकीवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांच्या श्वसनाने तीही निवळी दुधाळते आणि मुले गोंधळतात. पहिल्या बाटलीतही जास्तीच्या वायूने दुधाळपणा पुन्हा नाहीसा होऊ शकतो.

तिसऱ्या बाटलीत कोरडी मटकी घालावी. निवळी दिवसभर नितळच राहते, थेट उकडलेल्या मटकीसारखी. तरीही हे दाणे जिवंत आहेत: आत पाणी फार थोडे, म्हणून श्वसन इतके मंद की निवळीला कळत नाही. मग ठरवायचे कसे? दोन्हींतले 50-50 दाणे मोजून आठ तास भिजवावेत आणि ओल्या फडक्यात बांधावेत. उकडलेल्यांचे मोड वाढणार नाहीत. कोरड्यांतल्या बहुतेकांना दिवसाभरात मोड येतील.

त्यातही काही गणंग, म्हणजे भिजूनही न फुगणारे दाणे, निघतात. ते मेलेले समजून फेकू नयेत. टरफल कडक असल्याने पाणी आत शिरत नाही, एवढेच. पॉलिशपेपरवर एका बाजूने हलके घासून पुन्हा भिजवावेत. दाण्याच्या डोळ्याची (पांढरट ठिपक्याची) बाजू सांभाळावी, कोंब तिथेच असतो. दाणा फुगला की फडक्यात बांधून आणखी एक दिवस वाट पाहावी आणि मगच मोजणी पक्की करावी.