घराखालचे गुहा-रातकिडे: ओळख वंशापर्यंत आली

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉली शहरातल्या आमच्या घराखालच्या क्रॉलस्पेसमधल्या (जमीन आणि घराचा तळ यांमधली बुटकी पोकळी) गुहा-रातकिड्यांचा वंश आता पक्का झालाय: डायस्ट्रामेना. प्रजातीचं नाव मात्र लेबलवर अजून पेन्सिलनेच आहे.

कुळाबद्दल शंका नव्हतीच. पंख नाहीत, पाठीला कुबड, मिशा अंगापेक्षा कितीतरी लांब. स्वतः किरकिरत नाही, आणि ऐकायला पुढच्या नडगीवर पडदाही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात रात्रभर ओरडणाऱ्या रातकिड्याच्या पावलाला तीन पेरं असतात, याला चार. म्हणजे कूळ रॅफिडोफोरिडी.

वेळ गेला तो पुढे. नॉर्थ कॅरोलिनात दोन वंश समोर येतात: इथला मूळचा स्यूथोफिलस आणि आशियातून आलेला डायस्ट्रामेना. रंगावर जाऊ नका. पायांवरचे पट्टे इशारा देतात, पण ठिपकेदार स्यूथोफिलसही असतातच. मागची नडगी बघा. स्यूथोफिलसच्या नडगीवर काटे मोजके, ठसठशीत, अंतर राखून; माझ्या किड्यांच्या नडगीवर बारीक काट्यांची फणीसारखी दाट रांग आहे. फोटोसाठी किडा बाटलीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा, मग बाजूने टॉर्च मारायचा. वरून फ्लॅश मारला तर काटे दिसतच नाहीत. घाबरला की मागचा पाय टाकून देतो; तो पाय फेकू नका, अल्कोहोलमध्ये जपा. ओळखीचा निम्मा पुरावा त्यावरच आहे.

डायस्ट्रामेना असिनामोरा या प्रजातीचं वर्णन आडेलुंग या कीटकशास्त्रज्ञाने 1902 मध्ये केलं तेही सेंट पीटर्सबर्गच्या काचघरातल्या किड्यांवरून, म्हणजे मूळ मुलखापासून लांबच. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी इथल्याच नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी लोकांकडून घरातल्या किड्यांचे फोटो मागवले, तर नव्वद टक्क्यांहून जास्त फोटो या परक्या पाहुण्याचेच निघाले. ‘अमेरिकेत सापडला म्हणजे स्थानिकच’ हे गृहीतक निदान घरात तरी चालत नाही. ईशान्येकडच्या काही फोटोंत डायस्ट्रामेना जापानिकाही दिसली, म्हणून पेन्सिल. शिवाय हल्लीच्या सूचींत असिनामोरा टॅकीसाइनीस वंशात गेलीय. मी लेबलवर दोन्ही नावं लिहितो.

प्रजाती पक्की करायला आता हवाय तो पूर्ण वाढलेला नर. हाती लागतात ती बहुतेक पिल्लं, आणि पिल्लाच्या फोटोवरून प्रजाती ठोकून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मादी निदान वर वळलेल्या अंडनळीवरून लगेच कळते.

अंगणात पाचोळ्याखाली मोलॅसिस (काकवीसारखा गोड पाक) घातलेले कप पुरलेत. तिथे स्यूथोफिलस मिळायची आशा आहे. मिळाला तर या वंशावरचा हबेलचा 1936 चा प्रबंध उघडावा लागेल आणि नराच्या पोटाचं टोक भिंगाखाली धरावं लागेल. त्या वंशात प्रजाती इतक्या आहेत की नडगी तिथे पुरणार नाही.